गळकं चेंबर: फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचं ऑइल पॅकिंग बदलण्याची पूर्ण रीत

चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी बांधलेल्या ऑइलच्या भांड्याचं, पॅकिंग (गॅस्केट) नवं टाकलं आणि महिन्याभरात पुन्हा ऑइल ठिबकायला लागलं, ही तक्रार जुन्या जीप, जिप्सी, थार, बोलेरो वापरणाऱ्यांकडून सतत ऐकू येते. मग पॅकिंगच हलकं निघालं असं म्हणून दुसरं आणलं जातं. पण दोष बहुतेक वेळा पॅकिंगचा नसतो. चेंबरची कड वाकलेली असते, ब्लॉकचं (इंजिनाच्या मुख्य धडाचं) चेंबर टेकतं ते तोंड नीट पुसलेलं नसतं, नाहीतर बोल्ट ताकद लावून आवळलेले असतात. पॅकिंग बसवायला अर्धा तास पुरतो. त्याआधीच्या तयारीला अर्धा दिवस जातो आणि गळती थांबते ती त्या तयारीमुळेच. म्हणून या लेखात तयारीवर जास्त भर दिला आहे.

गळती चेंबरचीच आहे का?

ऑइल वरून खाली ओघळतं आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे टॅपेट कव्हर, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरची रबर रिंग, टायमिंग कव्हरचं पुढचं सील, टर्बोचा ऑइल परतीचा पाइप, यांपैकी कुठूनही गळालं तरी थेंब लोंबतो चेंबरच्या कडेलाच. मराठवाड्यात यात काळ्या मातीची भर पडते. पावसाळ्यात पाणंदीचा चिखल गार्ड प्लेटवर आणि क्रॉस मेंबरवर थापला जातो, वाळतो, ऑइल पिऊन घेतो. त्या थरावरून गळतीचं मूळ शोधता येत नाही.

म्हणून इंजिनाचा खालचा भाग आधी खरवडून, डिझेल आणि ब्रशने धुऊन, कोरडा पुसून घ्या. अल्टरनेटर, स्टार्टर आणि वायरिंगच्या कनेक्टरवर प्लास्टिक बांधा. प्रेशरचं पाणी थेट तिथे मारू नका. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवा, सपाट जागी उभी करा आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत या. सर्वांत वरचा ओला ठिपका हेच गळतीचं मूळ. ते नीट दिसत नसेल तर संशयाच्या जागी टाल्कम पावडरचा पातळ थर मारून थोडा वेळ इंजिन चालू ठेवा. ऑइलची रेघ पावडरीत उमटते. पंख्याच्या पट्ट्यापासून हात आणि बाही दूर ठेवा.

दोन ठिकाणी हमखास गल्लत होते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात, बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून थेंब पडत असेल तर तो क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या, मागच्या सीलचा असू शकतो. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चेंबर उघडून काही हाती लागत नाही. दुसरी गल्लत खास फोर-व्हीलची. पुढच्या गोळ्याच्या (डिफरन्शियलच्या) पिनियन सीलमधून किंवा पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधून गळणारं गिअर ऑइलही त्याच भागात सांडतं. ते इंजिन ऑइलपेक्षा जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. बोटावर घेऊन हुंगलं की लगेच कळतं.

ड्रेन बोल्टचा वॉशरही तपासा. गळती फक्त तिथली असेल तर काम पाच मिनिटांचं आहे.

पॅकिंग निकामी का होतं

वय आणि उष्णता ही सरळ कारणं. बुचाचं म्हणजे कॉर्कचं पॅकिंग वर्षानुवर्षं तापून कडक होतं, आक्रसतं, त्याला चिरा पडतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे असताना, उसाची ट्रॉली ओढत किंवा लो गिअरमध्ये मुरमाड चढ चढत गाडी चालली की चेंबरभोवती हवा खेळत नाही आणि रबरही लवकर ताठ होतं. दगडाचा मार लागून चेंबर आत दबलं तर कड एका बाजूला उचलली जाते. गार्ड प्लेटमध्ये साचलेली ओली माती पत्र्याच्या चेंबरला गंज चढवते. कधी कधी पॅकिंग शाबूत असतं आणि चेंबरलाच सुईएवढं भोक पडलेलं असतं.

याशिवाय एक कारण आहे, ते फार कमी जण तपासतात: ब्रीदर. पिस्टनच्या बाजूने खाली येणारा वायू ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडायला हवा. धूळ आणि ऑइलच्या काजळीने ती नळी किंवा तिचा व्हॉल्व्ह तुंबला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑइल सापडेल त्या सांध्यातून बाहेर ढकललं जातं. ऑइल भरायचं झाकण काढल्यावर जोराचा फुसकारा येत असेल, डिपस्टिक आपोआप वर सरकत असेल, तर आधी ब्रीदर साफ करा. तरीही जोर तसाच राहिला तर पिस्टन रिंगा झिजल्यात का ते पाहावं लागेल. अशा इंजिनाला कितीही भारी पॅकिंग लावलं तरी ते टिकणार नाही.

सामान

पॅकिंग आणायला जाताना गाडीचं मॉडेल, साल आणि इंजिन नंबर लिहून न्या. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळी इंजिनं बसलेली असतात. २०१० च्या थारमध्येच २.५ लिटरची डीआय आणि सीआरडीई अशी दोन वेगळी डिझेल इंजिनं होती. नुसतं 'थारचं पॅकिंग द्या' म्हटलं की चुकीचं पॅकिंग हातात पडतं. दुकानातच ते उलगडून भोकं मोजून घ्या. कॉर्कचं पॅकिंग घडी करून ठेवलेलं असेल तर घेऊ नका. घडीवर ते तुटतं.

काही इंजिनांना मुळात सुटं पॅकिंग नसतंच. कारखान्यातूनच चेंबर सिलिकॉनवर बसवलेलं असतं. अशा इंजिनाला बाहेरून कापून आणलेलं जाड पॅकिंग लावलं तर चेंबर खाली उतरतं आणि मागच्या बेल हाउसिंगशी जुळत नाही. जिथे सिलिकॉन होतं तिथे सिलिकॉनच लावा.

बाकी यादी अशी: नवा ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल, इंजिनासाठीचं ऑइल सोसणारं आर.टी.व्ही. सिलिकॉन, ब्रेक क्लीनर किंवा चांगला थिनर, धागे न सुटणारी कापडं, प्लास्टिकचा स्क्रेपर, १० लिटरचं पसरट भांडं. अवजारांत १० ते १९ नंबरच्या गोट्या (सॉकेट), रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, रबरी हातोडी, गोल डोक्याची छोटी हातोडी, सरळ पोलादी पट्टी, फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं फिलर गेज आणि आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क रेंच. टॉर्क रेंच ५ ते २५ न्यूटन-मीटर पट्ट्यातला हवा. चाकाच्या नटांसाठी वापरतात तो मोठा रेंच इतक्या कमी जोराला विश्वासाचा नसतो. स्वतःचा नसेल तर दिवसभरासाठी मागून आणा, पण त्याच्याशिवाय काम सुरू करू नका.

खिडकीला आणि नळाला लावायचं व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन इथे चालत नाही. त्यातून निघणारं आम्ल धातू खातं आणि गरम ऑइलमध्ये ते सिलिकॉन टिकतही नाही. ट्यूबवर 'सेन्सर सेफ' आणि ऑइलरोधक असं लिहिलेलं हवं.

गाडी उचलताना

हे काम आखाड्यावर किंवा रानात करू नका. काळी जमीन वरून वाळलेली दिसली तरी खालून भुसभुशीत असते. स्टँडचे पाय हळूहळू रुततात आणि गाडी कलते. काँक्रीट किंवा पक्की फरशीच हवी. तसा कोबा नसेल तर गॅरेजवाल्याशी बोलून त्याची जागा घ्या.

फोर-व्हील गाडीला एक जास्तीचा धोका आहे. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये राहिली तर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून काही उपयोग नाही. गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो. तसंच काही जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून मागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. त्या गाडीचं एक मागचं चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. म्हणून मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओट लावा. मगच पुढून उचला. जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. विटा, दगड, चाकाची रिम यांवर तर गाडी टेकवायचीच नाही. चांगले दोन स्टँड चासीखाली लावा, गाडीला खांद्याने ढकलून पाहा, मगच आत जा. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा, कारण चेंबरच्या शेजारीच स्टार्टरची जाड वायर असते.

पुढचा अ‍ॅक्सल आडवा येतो, त्याचं काय करायचं

टू-व्हील-ड्राइव्ह गाडीपेक्षा इथे वेळ जास्त लागतो तो याच टप्प्यामुळे. जिप्सी आणि जुन्या महिंद्रा जीपला पुढे सलग अ‍ॅक्सल असतो. यांची युक्ती सोपी: स्टँड अ‍ॅक्सलखाली न लावता चासीखाली लावायचे. गाडी वर राहते, अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर खाली लोंबतो आणि गोळा व चेंबर यांत जागा तयार होते. गरज पडली तर शॉकअबची (शॉक अ‍ॅब्सॉर्बरची) खालची टोकं सोडा, अ‍ॅक्सल आणखी उतरतो. मात्र ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येत नाही ना, ते दर वेळी पाहा. काही गाड्यांत स्टिअरिंगचा आडवा रॉडही आड येतो. त्याचं एक टोक सोडलं की भागतं.

पहिली सीआरडीई थार, स्कॉर्पिओ यांच्या फोर-व्हील मॉडेलमध्ये पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आणि गोळा चासीला घट्ट बांधलेला असतो. तो लोंबत नाही. इथे दोनच वाटा: गोळा उतरवा किंवा इंजिन उचला. कुठल्या गाडीला काय लागेल ते मॅन्युअल सांगतं. जिथे दोन्ही शक्य आहे तिथे आधी इंजिन उचलून पाहावं, कारण गोळा उतरवायचा तर ड्राइव्ह शाफ्ट, व्हेंटची नळी, प्रोपेलर शाफ्ट हे सगळं सोडावं लागतं.

इंजिन उचलण्यासाठी इंजिन ज्यांवर बसतं त्या दोन्ही बाजूच्या फाउंडेशन रबरांचे नट काढा, पंख्याभोवतालचं आवरण सैल करा आणि इंजिन वरून चेनपुलीने किंवा क्रेनने, इंजिनाला दिलेल्या उचलायच्या हुकांना धरून २५ ते ५० मि.मी. वर घ्या. चेंबरखाली जॅक लावून उचलू नका. जे सोडवायचं आहे त्यावरच भार ठेवून चालत नाही, शिवाय पत्रा दबून आतल्या ऑइल पंपाच्या जाळीला चिकटू शकतो. उचलताना एक माणूस वर हवा. रेडिएटरचे पाइप, एक्झॉस्टचा सांधा, क्लचची नळी, वायरिंग, यांतलं काहीही ताणलं गेलं की लगेच थांबायचं. उचलल्यावर फाउंडेशनच्या फटीत सागवानी किंवा बाभळीचा ठोकळा घाला, म्हणजे चेन सरकली तरी इंजिन बोटांवर येणार नाही.

पुढचा प्रोपेलर शाफ्ट सोडावा लागला तर दोन्ही फ्लँजवर आधी रंगाची खूण करा आणि त्याच खुणेवर परत जोडा. खूण चुकली तर शाफ्टचा तोल बिघडून गाडीत कंप येऊ शकतो.

ऑइल काढणं, चेंबर सोडवणं

इंजिन पाच-सात मिनिटं चालवून बंद करा आणि थोडं निवू द्या. कोमट ऑइल लवकर वाहतं आणि गाळ सोबत घेऊन जातं. कढत ऑइल हात भाजतं. इंजिन चालवण्याचा हा टप्पा अर्थातच गाडी उचलण्याआणि बॅटरीची केबल सोडण्याआधी उरकलेला बरा. बहुतेक गाड्यांत चार ते सात लिटर ऑइल निघतं. फिल्टरही काढा. निथळायला किमान अर्धा तास द्या. डिपस्टिक बाहेर ओढून ठेवा. ती आत राहिली तर चेंबर उतरताना वाकते.

हे जळकं ऑइल बांधावर, नालीत किंवा उधईसाठी खांबांच्या बुडाशी ओतू नका. ते मातीतून विहिरीत उतरतं. डब्यात झाकून ठेवा आणि जुनं ऑइल रीतसर गोळा करणाऱ्याकडेच द्या.

आता गार्ड प्लेट, बेल हाउसिंगचं खालचं झाकण, ऑइल लेव्हल सेन्सरची वायर असेल तर ती, अशा आड येणाऱ्या गोष्टी काढा. एका पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचत जा. चेंबरचे सगळे बोल्ट एका लांबीचे नसतात. लांब बोल्ट उथळ भोकात गेला की तळाला टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पॅकिंग तिथे दबतच नाही. बोल्टांवर चिखल असेल तर तारेच्या ब्रशने डोकी साफ करूनच गोटी लावा. घसरलेलं डोकं खाली झोपून काढणं फार त्रासाचं असतं. चारही कोपऱ्यांतला एकेक बोल्ट शेवटपर्यंत दोन-तीन आट्यांवर ठेवा, म्हणजे चेंबर एकदम अंगावर पडणार नाही.

बोल्ट काढूनही चेंबर चिकटलेलं असतं. रबरी हातोडीने बाजूने, खोलगट भागाच्या कोपऱ्यांवर ठोका. मॅन्युअलमध्ये पट्टी घालायची खाच दाखवली असेल तर तिथेच घाला. स्क्रू ड्रायव्हर ठोकून उचकटू नका. पत्र्याची कड वाकते, अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडतो, आणि पुढची गळती नेमकी त्या ओरखड्यातून सुरू होते. सिलिकॉनवर बसवलेलं चेंबर असेल तर पातळ, रुंद पात्याचा चेंबर कटर सांध्यात घालून हळूहळू सरकवत न्या.

सुटूनही चेंबर बाहेर येत नसेल तर जोर लावू नका. क्रँकचा एखादा भाग किंवा ऑइल पंपाची जाळी अडकलेली असते. क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी लावून इंजिन चालतं त्याच दिशेने थोडं फिरवा. क्रँकचे जड भाग वर गेले की जागा होते. काही इंजिनांत चेंबर चार बोटं खाली घेऊन त्या फटीतून जाळीचे बोल्ट काढावे लागतात. तसं केलं तर जोडताना त्या सांध्याची ओ-रिंग किंवा पॅकिंग नवीनच घाला. जुनी रिंग हवा ओढते, पंपाला ऑइल नीट मिळत नाही आणि बेअरिंग जातं.

तळातला गाळ वाचा

चेंबर धुण्याआधी त्यात काय आहे ते पाहा. काळा मऊ गाळ म्हणजे ऑइल उशिरा बदललं गेलंय. लोहचुंबकाला चिकटणारी बारीक पूड थोडीशी असेल तर ती सर्वसाधारण झीज असते. पण चुंबकाला न चिकटणारे चकचकीत चंदेरी किंवा तांबूस कण, पापुद्रे दिसले तर बेअरिंगच्या शेल झिजू लागल्यात, आणि काम तिथेच थांबवून मेन व बिगएंड ही क्रँकची बेअरिंगं तपासून घ्यायला हवीत. दुधट कॉफीसारखा रंग म्हणजे ऑइलमध्ये पाणी.

जाळीत जुन्या सिलिकॉनचे तुकडे अडकलेले सापडणंही नवल नाही. मागच्या वेळी कोणीतरी भरमसाट सिलिकॉन लावलेलं असतं. बाहेर जितकं पिळून निघतं तितकंच ते आतही निघतं, सुटतं आणि जाळी तुंबवतं.

कड सरळ करणं

सगळ्या कामाचा जीव या टप्प्यात आहे.

पत्र्याच्या चेंबरची कड पातळ असते. बोल्ट जास्त आवळला की भोकाभोवतीचा पत्रा ब्लॉकच्या बाजूला फुगतो. मग पॅकिंग फक्त बोल्टांपाशी दबतं आणि दोन बोल्टांच्या मध्ये सैल राहतं. गळती तिथूनच होते. ती थांबवायला माणूस बोल्ट आणखी आवळतो, पत्रा आणखी फुगतो, गळती वाढते. नवं पॅकिंग अशा कडेवर कितीही नीट बसवलं तरी हेच होणार.

चेंबर डिझेलने धुऊन, जुनं पॅकिंग खरवडून, कोरडं करा. कड खाली करून ते ओट्याच्या पॉलिश ग्रॅनाइटच्या तुकड्यावर किंवा जाड काचेवर ठेवा. हलतंय का पाहा, मग चहूबाजूंनी फिलर गेज सरकवा. सरळ पट्टी कडेवर उभी धरून उजेडाकडे पाहिलं तरी फुगवटे दिसतात. फुगलेल्या भोकाखाली कडक लाकडाचा किंवा लोखंडाचा सपाट ठोकळा धरा आणि पॅकिंग बसतं त्या बाजूने, गोल हातोडीने, हलक्या ठोक्यांनी पत्रा बसवा. एका ठोक्यात बसवायची घाई नको. दोन भोकांमधली कड आत गेली असेल तर तीही अशीच उलट बाजूने वर आणा. पुन्हा ग्रॅनाइटवर ठेवा, पुन्हा मोजा. ०.२ मि.मी.ची पट्टी कुठेच शिरत नाही अशी कड झाली तर उत्तम. अर्धा मिलिमीटर फट राहत असेल तर ठोकत राहा किंवा चेंबर बदला.

ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरवर हातोडी चालवायची नाही, ते तडकतं. ते वाकडं असेल तर मशीन शॉपमध्ये तपासून घ्या. तडा गेलेला असेल तर नवं घ्यावं. वेल्डिंग केलेलं चेंबर उष्णतेने वाकतं, त्यामुळे वेल्डिंगनंतर कड पुन्हा तपासल्याशिवाय बसवू नका.

ड्रेन बोल्टच्या आट्याही आत्ताच पाहा. खराब असतील तर चेंबर हातात असतानाच हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून घेणं सोपं जातं.

पत्रा आतून-बाहेरून गंजलेला असेल तर गंज खरवडून सुईने टोचून पाहा. सुई आरपार जात असेल तर ते चेंबर भंगारात द्या. बाहेरून चांगला असेल तर प्रायमर आणि रंग मारा, पण पॅकिंगच्या कडेवर रंग नको.

ब्लॉकचं तोंड साफ करणं त्याहून नाजूक. तुम्ही खाली, ते वर, आणि वरून ऑइल थेंबथेंब येत राहतं. शक्य असेल तर चेंबर काढून गाडी रात्रभर निथळू द्या. उघड्या इंजिनाला धूळ लागू नये म्हणून खालून स्वच्छ कापड बांधा. उन्हाळ्यात दुपारची वावटळ शेडमध्येही शिरते. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या स्क्रेपरने काढा. ग्राइंडरला पॉलिशचं चाक लावून ब्लॉक घासण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती सोडा. त्या चाकाची वाळूसारखी बारीक पूड क्रँकवर बसते, ऑइलसोबत फिरते आणि बेअरिंग खरवडते.

बोल्टांच्या भोकांत साचलेलं ऑइल हवेने किंवा पिळलेल्या कापडाच्या वातीने काढा. बंद तळाच्या भोकात ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते. टॉर्क चुकीचा दाखवला जातो आणि क्वचित भोकाची भिंत फुटते.

पॅकिंग बसवणं

शेवटची पुसणी ब्रेक क्लीनर किंवा थिनरने, पॅकिंग लावायच्या अगदी आधी. पेट्रोल वापरू नका. गाडीखालच्या बंदिस्त जागेत त्याची वाफ साचते आणि एका ठिणगीने पेट घेते. पुसल्यावर कडेवरून पांढरं कापड फिरवा. डाग उमटला तर परत पुसा.

कॉर्कचं पॅकिंग दुकानात पडून आक्रसलेलं असतं. भोकं जुळत नाहीत. ताणू नका, फाटेल. थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवलं की लांबी परत येते. मग पुसून, पाणी सुकवून वापरा. ते गॅस्केटच्या गोंदाने फक्त चेंबरच्या बाजूला चिकटवा. ब्लॉकची बाजू कोरडी ठेवा. रबराचं पॅकिंग पूर्ण कोरडं बसतं. त्याला वरून-खालून सिलिकॉन फासलं तर आवळताना ते घसरून दोन बोल्टांच्या मध्ये बाहेर येतं. ग्रीस आणि ऑइल तर कुठल्याच पॅकिंगला नको.

पॅकिंग असलं तरी सिलिकॉन लागतं ते चार ठिकाणी: पुढे टायमिंग कव्हर ब्लॉकला मिळतं त्या दोन सांध्यांवर आणि मागे सीलचं घर किंवा मेन कॅप मिळते त्या दोन सांध्यांवर. तिथे तीन तुकडे एकत्र येतात आणि बारीक पायरी राहते. हरभऱ्याएवढा ठिपका पुरे.

नुसत्या सिलिकॉनवर बसणाऱ्या चेंबरला साधारण ३ मि.मी. जाडीची सलग धार लावा. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा. धार बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने जायला हवी आणि जिथून सुरू झाली तिथे येऊन मिळायला हवी. ट्यूबवर लिहिलेल्या मिनिटांच्या आत चेंबर लागलं पाहिजे. वरून साय धरली की ते दुसऱ्या बाजूला चिकटत नाही. म्हणून धार लावण्याआधी एकदा कोरडं चेंबर वर नेऊन पाहा, वाट मोकळी आहे याची खात्री करा.

चेंबर वर नेताना इकडेतिकडे सरकलं की पॅकिंग हलतं, धार पुसली जाते. त्यावर उपाय: त्याच आट्यांचे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापा आणि तिरक्या दोन कोपऱ्यांत हाताने बसवा. या खुंट्यांवरून चेंबर सरळ वर जातं. पॅकिंग निसटत असेल तर दोन-चार भोकांत बारीक सुती दोऱ्याने चेंबरला बांधा. बोल्ट आवळायच्या आधी दोरा कापून ओढून घ्या.

आवळणं

सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा. एकही आवळण्याआधी सगळे लागलेले हवेत. मग मधल्या बोल्टांपासून सुरू करून, आळीपाळीने समोरासमोर, टोकांकडे जा. हे दोन-तीन फेऱ्यांत करा: पहिली फेरी अर्ध्या जोराची, शेवटची पूर्ण.

जोर किती? आकडा मॅन्युअलचाच. अंदाजासाठी, ६ मि.मी.च्या चेंबर बोल्टला बहुधा ८ ते ११ न्यूटन-मीटर आणि ८ मि.मी.च्या बोल्टला २० ते २५ असा असतो. १० न्यूटन-मीटर म्हणजे लहान पाना दोन बोटांनी ओढल्यावर येणारा जोर. लांब रॅचेटला पूर्ण हात लावून हा जोर ओळखता येत नाही, म्हणून टॉर्क रेंचचा आग्रह. कॉर्कला यापेक्षाही कमी लागतो. कडेने किंचित फुगलं की थांबा. पॅकिंगच्या भोकांत पोलादी नळ्या असतील तर बोल्ट त्या नळीवर टेकतो, पुढे आवळून काहीही साधत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचं चेंबर मागे बेल हाउसिंगलाही बांधलेलं असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी बेल हाउसिंगचे बोल्ट नुसते टेकवून दोन्ही तोंडं एका रेषेत आणा, मग ब्लॉकचे बोल्ट पूर्ण आवळा, शेवटी बेल हाउसिंगचे. उलटं केलं तर चेंबरवर कायमचा पीळ राहतो आणि ते बोल्टच्या कानाजवळ तडकतं.

ऑइल भरणं आणि चाचणी

सिलिकॉन वापरलं असेल तर २४ तास ऑइल भरू नका. हे सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन पक्कं होतं. उन्हाळ्यातली इथली हवा तापलेली असली तरी कोरडी असते, त्यामुळे वरून सुकलेलं दिसलं तरी आतून ते कच्चं राहू शकतं. उन्हाळा आहे म्हणून दोन तासांत होईल, हा हिशोब चुकीचा आहे. फक्त पॅकिंग असेल तर थांबायची गरज नाही, पण कोपऱ्यांत सिलिकॉनचे ठिपके असतील तर त्यांनाही तेवढाच वेळ द्या.

इंजिनाचं फाउंडेशन, प्रोपेलर शाफ्ट, स्टिअरिंग रॉड, शॉकअब, जे जे सोडलं ते मॅन्युअलच्या टॉर्कने जोडा. स्टिअरिंगची कॉटर पिन नवीन घाला. गोळ्याचं ऑइल काढलं असेल तर ते आठवणीने भरा. नवा वॉशर घालून ड्रेन बोल्ट लावा. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरून डिपस्टिक पाहा, मग हळूहळू वरच्या खुणेपर्यंत आणा. जास्त भरणं धोक्याचं आहे. क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, दाब वाढतो.

बॅटरीची केबल जोडा. जुन्या डिझेलमध्ये स्टॉपची केबल ओढून धरून आठ-दहा सेकंद स्टार्टर मारा, म्हणजे इंजिन न पेटता ऑइल वर चढतं. कॉमन रेल इंजिनात वायरिंगशी खेळ नको. सरळ चालू करा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत रेस देऊ नका. दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. जाळीची रिंग, फिल्टर आणि ऑइलची पातळी पुन्हा तपासा.

दहा मिनिटं चालवून खालून टॉर्चने पाहा. मग गार्ड प्लेट न लावताच वीस-तीस किलोमीटरची फेरी मारा, ती डांबरी रस्त्यावरच. परत आल्यावर कडेवरून टिश्यू पेपर फिरवा. कोरडा निघाला तर प्लेट लावा. कॉर्कचं पॅकिंग असेल तर एक-दोन दिवस चालवल्यानंतर, इंजिन थंड असताना बोल्ट एकदाच त्याच टॉर्कवर तपासा. नंतर त्यांना हात लावू नका. सिलिकॉनवरचे बोल्ट कधीच पुन्हा आवळायचे नाहीत. पक्की झालेली धार तुटते.

फेरीनंतर ओलावा दिसला तर कुठे दिसतो ते पाहा. पुढच्या किंवा मागच्या कोपऱ्यात असेल तर सांध्यावरचा ठिपका चुकला आहे. दोन बोल्टांच्या मध्ये असेल तर कड अजून वाकडी आहे. फक्त बेल हाउसिंगच्या भोकात असेल तर पुढचं काम मागच्या सीलचं आहे, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचाच तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी पाहून घ्या.